आर्बरवरचं कुंकू

दादा,

तुझी प्लेट अजून मशीनवरच आहे. सहापैकी चार होल मारून झालेत, दोन राहिलेत. शनिवारी संध्याकाळी "उरलेले सोमवारी बघू" म्हणत तू हात धुतलेस, खांद्यावर पंचा टाकलास आणि निघून गेलास. सोमवार काही तुझ्या वाट्याला आला नाही, रविवारी रात्रीच गेलास. आज सतरा दिवस झाले. मी त्या प्लेटला हात लावला नाही. क्लॅम्पचे नट तू आवळलेस तसेच आहेत. रोज झाडू मारते, पण मशीनखालचा लोखंडाचा कीस सोडून देते. कुणी विचारलं तर सांगते, वेळ नाही झाला.

पूर्णगडचा नाखवा रोज फोन करतो. त्याच्याच बोटीच्या कपलिंगची प्लेट, इंजिनला पंख्याचा दांडा जोडणारी. पहिले चार-पाच दिवस बिचाऱ्यानं प्लेटचं नाव काढलं नाही. मग म्हणायला लागला, "ताई, सावकाश होऊ दे." आता सावकाश वगैरे संपलं. "ताई, बोट वर काढलेली हाय, सात माणसां बसून हायत," एवढंच म्हणतो. त्याला दुसरीकडे जायला सांगणं सोपं होतं. मला ते जमलं नाही आणि उरलेले दोन होल मारणंही जमलं नाही. तुला म्हणून सांगते, मशीनसमोर उभी राहिले की मी झाडू घेऊन परत फिरते.

हे मी तुझं कौतुक करायला लिहीत नाहीये. कौतुक तेराव्याला भरपूर झालं. मी वाढत होते. काळ्या वाटाण्याच्या उसळीचं पातेलं हातात होतं आणि पंगतीत नाखवा शेजाऱ्याला सांगत होता, "देवमाणूस हो. कुणाला नाय म्हणाला नाय. पण हाताचा हलगर्जी. नायतर ती दोन बोटां गेली नसती." पंगतीतल्या चार माना हलल्या. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, तिचीही मान हलली. मी नाखव्याच्या पानात उसळ वाढली, "अजून हवी का?" विचारलं आणि पुढे सरकले.

तुझ्या तेराव्याला मी हे केलं, दादा. अकरा वर्षं केलं, त्यात आणखी एक दिवस.

आपलं भांडण पहिल्यापासून ह्या आर्बरवरूनच. मी आयटीआय करून आले तेव्हा शेडमध्ये ड्रिल मशीनपाशी तू राजा होतास. मी आल्या आल्या तुझ्या राज्यात खोड काढली. ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे भांडण वेडेपणाचं वाटायचं. हातभर सुद्धा नसलेला एक लोखंडी तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता. वरचं टोक मशीनच्या स्पिंडलमध्ये जातं, खालच्या टोकावर चक बसतो, चकाच्या जबड्यांत ड्रिल. मध्ये ना स्क्रू ना खिळा. लोखंडाला लोखंड घट्ट चिकटून बसतं म्हणून सगळं वर टिकतं. ते चिकटणं बिघडलं की फिरता चक खाली येतो. एवढीच गोष्ट, पण ह्या एवढ्या गोष्टीसाठी आपण किती वेळा जेवण टाकून भांडलो.

तू मुंबईच्या जुन्या बाजारातून आर्बर आणायचास. नंबर बघायचा नाही, डोळ्यांनी मापायचं. एकदा चकाच्या बाजूचा टेपर, म्हणजे निमुळता भाग, बारीक निघाला, तर तू कॅलेंडरचा कागद फाडून त्याभोवती गुंडाळलास आणि वर चक ठोकलास. होल सगळे लांबट आले. मी म्हटलं, दोन्ही टोकांचे नंबर जुळल्याशिवाय आर्बर घ्यायचाच नाही. तू म्हणालास, "कागदान् काय होतां? माझ्या हाताला कळतां." दुसऱ्या वेळी तू आणलास त्याची वरची जीभ तुटलेली होती. स्पिंडलच्या खाचेत अडकते ती चपटी जीभ. तिच्याशिवाय तो आर्बर ड्रिफ्टची पाचर घालून काढायचा कसा, विचारलं तर म्हणे, "हातोडीन् काढू." मी तो उचलला आणि मागच्या खाडीत भिरकावून दिला. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी कसलीशी पुडी घेऊन आलास. नवा कोरा आर्बर, दोन्ही नंबर बरोबर. "ह्यो पण फेक," म्हणालास. मी हसले नाही, पण मला हसू आलं होतं. तेव्हा दाखवायला हवं होतं.

मग माझे नियम चालू झाले. मशीनपाशी मोजे नाहीत. चकाची चावी काढल्याशिवाय बटण नाही. प्लेट हातात धरायची नाही, क्लॅम्पनं बांधायची. आर्बर बसवताना दोन्ही बाजूंचे टेपर कोरड्या फडक्यानं पुसायचे, बोट फिरवून बघायचं, चकाचे जबडे आत घ्यायचे आणि लाकडी हातोडीनं एकच ठोका. तू वैतागायचास. "बाई, लगीन लावायचं हाय की होल मारायचा हाय?" आणि मुख्य म्हणजे तेल. आपल्याकडची खारी हवा. रात्रीत लोखंडाला लाली धरते. म्हणून तू दिसेल त्याला तेल चोपडायचास. आर्बरलाही. मी ओरडायचे की कपाटात ठेवताना तेल लाव, पण बसवताना थेंबसुद्धा चालणार नाही, कोरडा म्हणजे कोरडा. हे मी तुला गिऱ्हाइकांच्या देखत सुनावलेलं आहे. नाखव्याच्याही देखत. तू हलगर्जी आहेस हे लोकांना ठाऊक झालं ते माझ्या तोंडून.

आता त्या दसऱ्याचं.

खंडेनवमीला मी हौसेनं पूजा मांडली होती. लाल कापडावर पाने, पकडी, ड्रिलं, सगळं चकाचक पुसून, तेलाचा हात फिरवून. आर्बरही काढून ठेवला. प्रत्येकाला हळदकुंकू. आर्बरला कुठे लावावं म्हणून बघितलं आणि जिथं तो सगळ्यात जास्त चमकत होता तिथं लावलं. टेपरवर. तेल होतंच, कुंकू छान बसलं. तूच म्हणालास, "सुमी, आर्बर अगदी नवरीसारखा दिसतोय बघ."

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्ताचा म्हणून एक होल तरी मारायचा ही आपली पद्धत. मी निर्माल्य गोळा करत होते. वहिनीचा फोन आला होता, आपट्याची पानं कुणी आणायची म्हणून, आणि मी खांद्यात फोन धरून तिच्याशी बोलत होते. तू आर्बर हातात घेतलास आणि मला विचारलंस, "पुसलास ना गो?"

मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. "हो, लाव," म्हटलं.

मी पुसला नव्हता. वरवरचं कुंकू एका फडक्यानं झटकलं होतं, आणि ते फडकंही तेलाचंच. पुढे नीट पुसायचा म्हणून बाजूला ठेवला होता.

त्या दिवशी तू सगळं बरोबर केलंस, दादा. प्लेट बांधली होतीस. चावी काढली होतीस. बाह्या वर दुमडल्या होत्यास. उजव्या हातानं दांडा हळूहळू खाली आणत होतास आणि डाव्या हातानं बुधलीतून तेल सोडत होतास. आयुष्यात एकदा माझे सगळे नियम पाळलेस. होल पार होता होता ड्रिल प्लेटमध्ये अडकलं, खाली ओढलं गेलं आणि त्याच्याबरोबर चक, आर्बर, सगळं फिरतंच खाली आलं. आवाज मोठा झाला नाही. तू "आई" म्हणालास तेही हळू.

डाव्या हाताची दोन बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं. गावच्या नमनात तू मृदुंग घ्यायचास, त्यातली डावी बाजू गेली. ह्याविषयी तू कधी बोलला नाहीस. शिमग्याला गावी गेलो की तू मंडळींच्या मागे उभा राहून टाळ वाजवायचास.

दवाखान्यात वहिनी धावत आली. रडत होती आणि रागावलेलीही होती. "काय केलंत काय?" तू पांढराफटक पडला होतास. तू माझ्याकडे बघितलंस. तिच्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "आर्बर पुसायचा राह्यला माझ्याकडनं."

तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. तुझ्या हाताला पट्टी होती, समोर वहिनी होती, दारात नाखवा होता, त्याच्याच गाडीतून तुला आणलं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "कितीदा सांगितलं होतं ह्याला."

कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही. सवयीनं आलं असेल. भीतीनं आलं असेल. तू डोळे मिटून घेतलेस. तेवढंच.

त्यानंतर अकरा वर्षं. तू परत मशीनवर आलास, तीन बोटांच्या हातानं. पण आर्बर बसवायचा असला की माझ्यासमोर धरायचास. मी पुसायचे, परत द्यायचे आणि तू दरवेळी, न चुकता, त्याच सुरात विचारायचास, "पुसलास ना गो?"

मी फणकारायचे, "आंधळा आहेस का? तुझ्यासमोर पुसला." तू हसून आर्बर वर लावायचास. लोकांना वाटायचं, बघा, आता शहाणा झाला, बहिणीला विचारून काम करतो. मी मात्र रात्रंदिवस एकच कोडं घेऊन बसलेली. हा मला आठवण करून देतोय, की माझ्यावर विश्वास ठेवतोय? की ह्याला काहीच वाटत नाही आणि आपली जुनी सवय म्हणून विचारतोय? एकदा जेवताना मी ठरवून बसले होते, आज विचारायचंच. तू सोलकढीचा पेला तोंडाला लावलास आणि मला म्हणालास, "काय गो, तोंड का असा?" मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय." तू म्हणालास, "नाय, बराय." संपलं.

मला तुझा रागही येतो, हे सांगून टाकते. तू एकदा ओरडायचं होतंस माझ्यावर. एकदा वहिनीसमोर म्हणायचं होतंस की ही हो म्हणाली म्हणून मी लावला. मोठेपणा करून बसलास आणि मला त्याच्याखाली ठेवून गेलास. आता हे कुणाशी भांडू मी?

आज खंडेनवमी. यंदा घरात सण नाही, म्हणून मी नुसती साफसफाई करणार होते. टेबलावर लाकडी फळी ठेवली, ड्रिफ्ट घातली, एक ठोका दिला आणि तू बसवलेला शेवटचा आर्बर खाली काढला. इतके दिवस खाऱ्या हवेत आत राहिल्यामुळे टेपरवर बारीक लाल रेघ धरली होती. गंजाची. मला क्षणभर ती कुंकवाची वाटली आणि मी तिथंच स्टुलावर बसले.

तेवढ्यात वहिनी आली. हातात ताट. हळद, कुंकू, शेवंतीची दोन फुलं. स्वतः कपाळाला काही न लावता, कुंकवाचं ताट घेऊन ती बाजारातून चालत आली होती. म्हणाली, "आपल्याला सण नसंल. मशीनला सुतक नसतां. मी हात लावत नाय, तू लाव."

मी लावलं. मशीनच्या खांबाला, वाइसला, पान्यांना. अकरा वर्षं आर्बरला कुंकू लागत नाही हे तिला ठाऊक नव्हतं, ती कधी पूजेला आलेलीच नव्हती. तिनं बोटानं दाखवलं. "त्याला का नाय? त्याला पयला लाव. त्यानंच ह्यांची बोटां खाल्ली. शांत होऊ दे एकदा."

मी म्हटलं, "नको वहिनी."

"का नको?"

"त्याला नाही लावत."

"अगो पण का?" आणि तिनं माझं मनगट धरून कुंकवाचं बोट आर्बरकडे नेलं. मी हात इतक्या जोरात ओढला की ताट खाली पडलं. सगळ्या फरशीवर कुंकू.

मग मी सांगितलं. उभ्यानंच, एका दमात. टेपरवर कुठे लावलं ते, तू काय विचारलंस ते, मी फोनवर तिच्याशीच बोलत काय उत्तर दिलं ते. दवाखान्यात काय म्हणाले तेही सांगितलं, जरी ते तिनं ऐकलेलं होतं.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मारेल. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अकरा वर्षां मी त्येंना हलगर्जी म्हणत आली. पेला सांडला तरी म्हणाली. तोंडावर म्हणाली. शेवटच्या रविवारीपण म्हणाली." तिनं पायाखालच्या कुंकवाकडे बघितलं. "तू बोलली नाहीस ता तुझा तू बघ. पण माझ्या जिभेला हे का लावलंस? आता मी कुणाला सांगू?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, हे तुझ्यामाझ्यातलं आहे. तिचं काय झालं ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ती ताट न उचलता निघून गेली. मी फरशी पुसली. कुंकू फरशीच्या सांध्यातून निघत नाही, दादा. अजून आहे थोडं.

वरचं सगळं काल रात्री लिहिलं. आज दसरा. सकाळी शेड उघडली तेव्हा नाखवा आधीच येऊन बाहेर पेटीवर बसला होता. फोन करणं सोडून स्वतःच आला. "आज न्हेल्याशिवाय जायत नाय," म्हणाला. तो हसत होता, पण खरंच जाणार नव्हता. मी आत येऊन फडकं घेतलं. नवीन, धुतलेलं. टेपर पुसला. गंजाची रेघ बारीक पॉलिश पेपरनं अलगद काढली, परत पुसला. वर स्पिंडलच्या आत बोटाला फडकं गुंडाळून फिरवलं. जबडे आत घेतले, आर्बर वर लावला, लाकडी हातोडीनं ठोका दिला. आवाज बरोबर आला. चकात ड्रिल आवळलं. तरी बटणाकडे हात जाईना.

मागे बघितलं तर दारात वहिनी. घरी असते त्याच लुगड्यात, पायात चपला नाहीत. माझ्याशी बोलली नाही. नाखव्याकडे मान करून म्हणाली, "हिला तुम्हाला काय तरी सांगायचं हाय."

मी बाहेर गेले आणि सांगितलं. "नाखवा, तेराव्याला तुम्ही दादाला हलगर्जी म्हणालात. त्या दिवशी आर्बर मी पुसला नव्हता. त्यानं विचारलं होतं आणि मी पुसला म्हणून सांगितलं होतं. त्याची काही चूक नव्हती." वहिनीला सांगताना जेवढा त्रास झाला तेवढा झाला नाही. पण बोलून झाल्यावर समजलं की ह्याच्या बोटीची प्लेट आता माझ्याच हातात आहे, आणि सात माणसं ह्याच कपलिंगच्या भरवशावर समुद्रात जाणार आहेत.

नाखव्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "बारा मैल आत ही प्लेट तुटली तर मी कुणाला हाक मारू, ताई?" असं विचारलं. उत्तराची वाट बघितली नाही. उठला आणि आत येऊन मशीनवर वाकला. तुझे चार होल त्यानं बोटानं एकेक चाचपून बघितले. "हे चार त्याचे?" मी मान हलवली. "मग तसेच दोन मार," म्हणाला आणि चार हात मागे सरला.

मी मशीनपाशी आले. प्लेटवर तू पंचनं केलेल्या दोन खुणा तशाच होत्या. बाह्या दुमडल्या. चावी काढली आहे ना बघितलं, खिळ्याला अडकवली. बटणावर बोट ठेवलं.

"पुसलास ना गो?"

वहिनी. माझ्या मागे उभी राहून. तुझेच शब्द. तू घरी तिला सांगितलं असशील, की ती कधी शेडबाहेर उभी राहून ऐकत असेल, मला ठाऊक नाही. आवाज मात्र तुझ्यासारखा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"हो" माझ्या ओठावर आलं होतं. ह्या वेळी ते खरंही होतं. पण मी म्हटलं नाही. बोट बटणावरून काढलं, ड्रिल सोडवलं, फळी ठेवली, ड्रिफ्ट घातली, ठोका दिला आणि आर्बर खाली काढून तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, मूल धरावं तसा. खरं तर जडच असतो तो. मग एक बोट टेपरवरून सगळीकडून फिरवलं, उजेडात नेऊन ते बोट बघितलं, पदराला पुसलं, परत फिरवलं आणि परत बघितलं.

मग माझ्याकडे न बघता आर्बर मला दिला आणि म्हणाली, "लाव."